सोसायटीच्या ग्रुपसाठी व्हॉट्सअ‍ॅप सोडून काय वापरता?

तिसरा_मजला
मंडळी, सल्ला हवाय. आमची ठाण्यातली ६४ घरांची सोसायटी. सगळा कारभार एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर: पाणी कधी जाणार, लिफ्ट बंद, मेन्टेनन्सची आठवण, आणि सकाळी सहापासून फुलं नि सूर्योदय. तेही चालवून घेतलं असतं, पण गेल्या महिन्यात एकाने ग्रुपमधून नंबर उचलून दोघी-तिघींना रात्री साडेअकराला ‘जेवलात का’ सुरू केलं. त्याला काढला, पण नंबर गेले ते गेलेच. आता मीटिंगमध्ये काही जण म्हणतात सिग्नल, काही टेलिग्राम, खजिनदार म्हणतात अरट्टै हे देशी अ‍ॅप. मी सेक्रेटरी, म्हणजे शिव्या मलाच. कुणी असं बिऱ्हाड हलवून पाहिलंय का?

सुतारपक्षी
सिग्नल, डोळे मिटून. जाहिराती नाहीत, ना-नफा संस्था चालवते. व्हॉट्सअ‍ॅप ज्यांनी सुरू केलं त्यातला ब्रायन अ‍ॅक्टन, त्याची मालक झालेल्या फेसबुकमधून बाहेर पडला आणि २०१८ मध्ये सिग्नल फाउंडेशनला ५ कोटी डॉलर देऊन मोकळा झाला. ज्याने भटारखाना बघितलाय तोच दुसरीकडे जेवतोय, काय ते समजा. शिवाय २०२४ पासून तिथे अनोळखी माणसाला तुमचा नंबर दिसत नाही.

आळशी_अ‍ॅडमिन
सुतारपक्षी, तुमचं बरोबरच आहे, पण आमची कथा ऐका. जानेवारी २०२१. व्हॉट्सअ‍ॅपची नवी प्रायव्हसी पॉलिसी आली आणि आमचा कॉलेजचा ग्रुप, ३१ जण, तिरीमिरीत सिग्नलवर. चार दिवस नुसता दसरा-दिवाळी. पाचव्या दिवशी एकाने विचारलं, ‘वाढदिवसाचं इकडे टाकू की तिकडे?’ त्याने दोन्हीकडे टाकलं, उत्तरं आली फक्त तिकडे. होळीपर्यंत सिग्नलवर आम्ही तिघे उरलो, त्यातला एक मेसेज उघडतच नव्हता.
अ‍ॅप चांगलं की वाईट हे बघतं कोण हो? दूधवाला, प्लंबर, शाळेच्या व्हॅनवाले काका आणि गावची आत्या जिथे, तिथे आपण.

जुना_नोकियावाला
+१. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलो ते काही एन्क्रिप्शन (मधल्या कुणाला मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) बघून नाही, ते सगळ्यांना मिळालं २०१६ मध्ये. आपल्याला नडत होते एसेमेसचे पैसे. दिवाळी नि ३१ डिसेंबर म्हणजे ‘ब्लॅकआउट डे’, पॅक मारलेलं असलं तरी प्रत्येक मेसेजचे वेगळे पैसे कापायचे. मी वहीत शुभेच्छांची यादी करून नावं गाळायचो. एका वर्षी साडू गाळला गेला, अजून ऐकून घेतोय.

बरदुबईकर
विषयांतर, पण राहवत नाही. इथे दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. म्हणून सांगलीला आईच्या फोनमध्ये बोटिम हे कॉलचं अ‍ॅप टाकून दिलं. तिला ते नाव कधी जमलं नाही. शेजारच्या मुलीला सांगते, ‘जरा दुबईचं उघडून दे गं.’

चष्मिष्ट
टेलिग्रामबद्दल एक गैरसमज फार आहे. तिथलं साधं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता येणार नाही असं, नसतं. त्यासाठी ‘सिक्रेट चॅट’ वेगळं सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला तर ती सोयच नाही. उलट व्हॉट्सअ‍ॅपवर ते आपोआप असतं. अर्थात लिफ्ट बंद आहे यात गुपित ते काय! मंजूर नकाशे, ऑडिट रिपोर्ट असलं जड सामान ठेवायला टेलिग्राम झकास, २ जीबीपर्यंतची फाइल जाते.
अरट्टै झोहोचं, नावाचा तमिळ अर्थ गप्पा. हौसेने घ्यायला हरकत नाही, पण ६४ घरांना ओटीपी टाकायला शिकवणार कोण? खजिनदार?
तिसरा_मजला, तुमचं दुखणं नंबरांचं आहे, अ‍ॅपचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच ‘कम्युनिटी’ करा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये नंबर दिसतो फक्त अ‍ॅडमिनना आणि ज्यांनी तो आधीच सेव्ह केलाय त्यांना. तिथे नवी घोषणा टाकणार फक्त अ‍ॅडमिन. मात्र अ‍ॅडमिन दोन-तीनच ठेवा, अख्ख्या कमिटीला करू नका. आणि जुना ग्रुप बंद करा, नाहीतर केलं न केलं सारखंच.

सुतारपक्षी
म्हणजे पुन्हा त्याच कंपनीच्या दारात. असो. घरच्यांना तरी मी सिग्नलवर आणलंय. बायको, मी आणि मेव्हणा.

तिसरा_मजला
चष्मिष्ट, आभार. शनिवारी कम्युनिटी केली, जुना ग्रुप बंद. रविवारी सकाळी सव्वासहाला दाराची बेल. ४०२ मधले आजोबा, हातात फोन. ‘सेक्रेटरी, माझा सूर्योदय जात नाहीये.’
त्यांच्यासाठी गप्पांचा वेगळा ग्रुप काढावा लागणार. त्यात नंबर दिसतील ना?

चष्मिष्ट
दिसतील. म्हणून त्यात कुणालाही परस्पर घालू नका. ज्यांना सूर्योदय हवाय ते येतील आपापले.