मदत हवी आहे: सीईटीच्या दिवशी सेंटरवर आत गेल्यावर नेमकं काय होतं? (येवला ते नाशिक)

येवलेकरीण

नमस्कार मंडळी. लेकीची एमएचटी-सीईटी आहे, म्हणजे इंजिनीयरिंगच्या प्रवेशाची परीक्षा. पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित), सकाळची शिफ्ट, सेंटर नाशिकला. आम्ही येवला तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मी अंगणवाडीत आहे, मिस्टर शेती बघतात आणि नेमकी कांदा काढणी त्याच आठवड्यात आलीय, म्हणून तिला घेऊन मीच येणार.

अभ्यासाचं काही विचारायचं नाही, ते तिचं ती बघते. मला विचारायचंय ते दारातून आत गेल्यानंतरचं. बोर्डाच्या परीक्षेला बाकावर खडूने नंबर लिहिलेला असतो, शिपाई ओळखीचा असतो, पोरगी जाऊन बसते. इथे सगळंच कॉम्प्युटरवर. आमच्या घरात कॉम्प्युटर नाही. सगळे सराव पेपर तिने मोबाइलवर अंगठ्याने सोडवलेत.

दुसरी भीती आधारची. कार्डावरचा फोटो ती पहिलीत असतानाचा आहे, दोन शेंड्या घातलेला. आता तिला बघून कोणी म्हणणार नाही की ही तीच. आत घेतील ना? आणि गावातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की पूर्ण बाहीचा ड्रेस चालत नाही, बूट चालत नाहीत, पेनसुद्धा नेऊ देत नाहीत. खरं का? मध्येच लाइट गेली किंवा मशीन बंद पडलं तर? आणि पहाटे निघून त्याच दिवशी पोचावं की आदल्या रात्री मुक्काम करावा?

प्रश्न फार झाले, सांभाळून घ्या.

सिडकोवाला

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आदल्या दिवशी या. ८० किलोमीटरच्या वर अंतर, विंचूरला या दिवसांत कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग, पुढे शहरात शिरताना सकाळची गर्दी. पेपर ९ ला सुरू होत असला तरी रिपोर्टिंगची वेळ त्याच्या बरीच आधीची असते. ती आणि गेट बंद व्हायची वेळ, दोन्ही हॉल तिकिटावर असतात. गेट बंद झालं की पाया पडूनही उघडत नाही, हे डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं म्हणजे सेंटरच्या नावावर जाऊ नका, पूर्ण पत्ता वाचा. मी भाच्याला घेऊन गेलो होतो. रिक्षावाल्याला संस्थेचं नाव सांगितलं, त्याने बरोबर त्या संस्थेच्या गेटवर सोडलं. वॉचमन म्हणतो, परीक्षा इथे नाही, आमच्या दुसऱ्या कॅम्पसला. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! द्वारकेच्या चौकात अडकलो तेव्हा भाचा गप्प बसला होता आणि घाम मला फुटला होता. शेवटच्या पाच मिनिटांत पोचलो. तेव्हापासून माझा नियम: आदल्या संध्याकाळी सेंटरचं गेट बघून यायचं, मगच जेवायचं.

भगूरकर काका

मी मागच्या वेळी नातवाला घेऊन गेलो होतो. त्याचा शर्टच बदलायला लावला, घड्याळ काढायला लावलं, गळ्यातला दोरा कापला. मेसेज खरा आहे ताई, हाफ बाहीच घाला.

गोदाकाठ

काका, नातवाची नीट होती का? मेडिकलची?

भगूरकर काका

हो, नीटच. वेगळी असते का?

गोदाकाठ

वेगळी म्हणजे अगदीच वेगळी. नीट कागदावर होते, दुपारी, १८० प्रश्न, ७२० मार्क, चुकलं की एक मार्क कापतात. पेन तिथेच देतात. आखूड बाही आणि चपलेचा नियम तिचा. ग्रुपवरचा मेसेज बहुधा तोच आहे, दरवर्षी फिरतो, कोणीतरी वर ‘सीईटी’ एवढं चिकटवतं.

ताई, सीईटीला साधा सुती ड्रेस चालतो. तपासणी इथेही होते, त्यामुळे मोठी बटणं, धातूचे दागिने, जाड पट्टा टाळा. मोबाइल, कॅल्क्युलेटर, कुठलंही घड्याळ आत नाही. प्रिंट काढलेलं हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र (झेरॉक्स नव्हे) आणि साधं बॉलपेन एवढंच. चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी सूचनांमध्ये असते, ती हॉल तिकीट काढाल त्याच दिवशी वाचा.

आधारच्या फोटोबद्दल: मुलं १५ वर्षांची झाली की आधारचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. ते राहिलेलं दिसतंय. वेळ असेल तर करून घ्या. नसेल तर आधारसोबत कॉलेजचं फोटोवालं ओळखपत्रही द्या. फोटोपेक्षा नाव नीट बघा. हॉल तिकिटावर आणि ओळखपत्रावर नाव जुळायला हवं, अडवाअडवी बहुतेक तिथे होते.

अर्धवट_इंजिनीयर

काकू, मी गेल्या वर्षी दिली, नाशिकलाच. क्रम सांगतो.

गेटवर हॉल तिकीट बघतात, मग मेटल डिटेक्टर फिरवतात. मुलींची तपासणी बायका करतात, आडोशाला. पुढे टेबलावर हॉल तिकीट स्कॅन होतं, फोटो काढतात आणि लॅब कुठली, मशीन कुठलं ते कळतं. आत गेलं की स्क्रीनवर आपलं नाव आणि फोटो आहे ना ते आधी बघायचं. रफ कामाला कागद देतात, जाताना तो परत द्यायचा. शेजारच्याचा पेपर वेगळ्याच क्रमाने असतो, त्यामुळे तो भराभर पुढे जाताना दिसला तरी त्यात काही नाही.

आता जे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं ते. पेपर सलग ३ तासांचा नसतो, दोन तुकडे असतात. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री, ५०-५० प्रश्न, एकेका मार्काचे. ती संपली की हा भाग बंद आणि गणित उघडतं, ५० प्रश्न, दोन-दोन मार्कांचे, पुन्हा ९० मिनिटं. म्हणजे पहिल्या भागातला वेळ वाचवून गणिताला देता येत नाही, आणि गणित लवकर झालं म्हणून केमिस्ट्रीत परतही येता येत नाही. मी घरी सगळे पेपर आधी गणित, मग बाकीचं असे सोडवायचो. सेंटरवर बसल्यावर माझी सगळी गणितंच बिघडली, दोन्ही अर्थांनी.

पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, गणिताला १०८. घड्याळ स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं चालतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटची दोन मिनिटं उरलेल्यांवर गोल ठोकण्यासाठी राखून ठेवायला सांगा, आणि दोनदा राखून ठेवायला सांगा, कारण भाग दोन आहेत.

आणि काकू, अंगठ्याने सोडवलेले पेपर मोजू नका. माउसने पर्यायाच्या बारीक गोलावर टिचकी मारायची, ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं, बाजूच्या चौकटीत कुठला नंबर हिरवा झाला ते बघायचं. ज्याला सवय नाही त्याचा हात पहिला अर्धा तास चाचपडतच असतो. सेव्ह न करता थेट चौकटीतल्या पुढच्या नंबरवर गेलं की निवडलेलं उत्तर जातं. माझी दोन गेली.

येवलेकरीण

बाळा, हे दोन भागांचं तिला माहीत होतं, पण आधी गणित सोडवायची सवय तिलाही आहे! आजच बदलते. माउस मात्र कुठून आणू?

अर्धवट_इंजिनीयर

काकू, कॉम्प्युटर लागत नाही. मोबाइलच्या दुकानात ओटीजीचा तुकडा मागा, एवढासाच असतो. तो मोबाइलला लावायचा, त्यात कोणाचातरी वायरचा माउस. स्क्रीनवर बाण उमटतो. पाटावर ठेवून रोज एक पेपर असा सोडवू दे. आणि एकदा तरी ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरची मॉक टेस्ट खऱ्या कॉम्प्युटरवर द्यायला लावा, सेवा केंद्रात तासभर बसू देतात.

लॅबवाला

मी परीक्षेच्या दिवसांत एका सेंटरवर तांत्रिक कामाला असतो. मशीन बंद पडण्याची भीती बऱ्याच पालकांना असते, म्हणून लिहितो. सेव्ह केलेली उत्तरं सर्व्हरवर जातात. मशीन बंद पडलं तर दुसऱ्यावर बसवतो, पुन्हा लॉगिन केलं की आधीची उत्तरं दिसतात आणि उरलेला वेळ तिथूनच पुढे चालू होतो. लाइटसाठी जनरेटर असतो. मुलीने करायचं एकच: लगेच हात वर करायचा आणि थांबायचं. मुलं घाबरून स्वतःच बटणं दाबतात, वायर हलवतात. कीबोर्डला तर हातच लावायचा नाही, आम्ही ओरडून सांगतो तरी कोणीतरी लावतंच.

माउस नीट चालत नसेल तर तो पेपर सुरू व्हायच्या आधी सांगायचा. सूचना वाचायला वेळ देतात ना, त्यात माउस फिरवून बघायचा. एका पोराने अर्धा पेपर अडकणाऱ्या माउसने सोडवला आणि शेवटी रडत सांगितलं. माझ्याकडे पेटीत सहा माउस पडून होते.

एसी थंड असतो. बाहेर ऊन आणि आत कुडकुडणं. अंगभर ड्रेस असू द्या.

येवलेकरीण

वाचून धीर आला. अजून एकच. सगळे म्हणतात, अवघड शिफ्ट लागली तर वाटोळं. तसं असतं का?

गोदाकाठ

नाही. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तिच्याच शिफ्टला बसलेल्या दर १०० जणांपैकी किती जण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा खाली आहेत, हे मोजतात. पेपर अवघड असेल तर तो सगळ्या शिफ्टलाच अवघड. ‘कालचा सोपा होता’ असं सांगणाऱ्या पोरांपासून तिला लांब ठेवा, विशेषतः पेपरच्या आधी.

सिडकोवाला

आणि ताई, सकाळी नाशिकला आलोय म्हणून मिसळ खाऊ घालू नका. पोळी-भाजी, केळं. मिसळ पेपर सुटल्यावर, मी पत्ता सांगतो. तुम्हीही टोपी, पाणी आणि बसायला एखादी चादर घेऊन या, पालकांना गेटबाहेर सावली मिळेलच असं नाही.

येवलेकरीण

झाला पेपर. कालच परत आलो, पण आल्याआल्या कांद्याला लागले म्हणून आज लिहितेय.

आदल्या दिवशी पंचवटीत मावसबहिणीकडे राहिलो. सिडकोवाले दादा, संध्याकाळी गेट बघायला गेलो आणि गेट सापडलं ते पत्त्यातल्या मुख्य रस्त्यावर नव्हतंच, मागच्या गल्लीत होतं. सकाळी सरळ आत गेली. आधारवर ती बाई एकदा फोटोकडे, एकदा हिच्याकडे बघून हसली म्हणे, मग कॉलेजचं कार्ड बघितलं आणि सोडलं.

मी तीन तास एका पेरूच्या झाडाखाली. शेजारी मनमाडची एक आई होती, तिला आपला हा धागा वाचून दाखवला. तिचा मुलगा दुपारच्या शिफ्टला होता. तिने ओटीजीचं ऐकलं आणि म्हणाली, आता काय उपयोग. मग निदान दोन भागांचं तरी त्याला सांगा म्हटलं, तर त्याला ते माहीतच नव्हतं.

लेक बाहेर आली ती दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत. एसी! म्हणाली, फिजिक्स लांबलं, केमिस्ट्री बरं, गणिताचे चार गोल शेवटच्या मिनिटाला ठोकले. माउसचं विचारलं तर म्हणे, “आई, तो आपल्या पाटावरच्या माउसपेक्षा चांगला होता.”

लॅबवाले दादा, उत्तरं कुठे बघायला मिळतात? आणि एखादा प्रश्नच चुकीचा असेल तर?

लॅबवाला

तिच्याच लॉगिनमध्ये येतील, तिने काय टिक केलं ते आणि उत्तरतालिका, दोन्ही. हरकत घ्यायची तर एका प्रश्नाला १,००० रुपये भरावे लागतात, म्हणून आधी कॉलेजच्या सरांना विचारा. २०२५ मध्ये एका शिफ्टला गणितात २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते, तेव्हा त्या मुलांची परीक्षाच पुन्हा घेतली होती. पासवर्ड मात्र जपून ठेवा, निम्मी मुलं तोच विसरतात.

येवलेकरीण

पासवर्ड पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिलाय. सिडकोवाले दादा, मिसळ राहिली.