दसरा-दिवाळीच्या मधात चिखलदरा: अंगात काय घालावं?

नेरची सूनबाई

नमस्कार मंडळी. आमचं गाव नेर तालुक्यात. सोयाबीन निघालं, कपाशीच्या सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात दोन रात्री चिखलदऱ्याला जाऊन यायचं घरात ठरलंय. मी, आमचे हे, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. यष्टीनं अमरावती, पुढं परतवाडा, मग घाट. म्हणजे सामान आपणच उचलायचं, आणि बॅगा दोनच न्यायच्या असं मी आधीच बजावलंय.

पण हवेचा काही भरवसा राहिला नाही. सकाळी दहिवर इतकं की धुऱ्यावरून चालत गेलं तर साडीचा घोळ पिळून काढावा. दुपारी पंख्याखाली बसूनही घाम. आणि चार वाजले की आभाळ भरून येते, गडगड सुरू होते, मग मळलेलं सोयाबीन झाकायला सगळे ताडपत्री घेऊन धावतात. हे झालं खाली आमच्याकडं. वर डोंगरात काय असेल?

घरात तीन पक्ष आहेत. आमचे हे म्हणतात, थंड हवेचं ठिकाण आहे, सगळ्यांचे जाड स्वेटर काढ, एक ब्लँकेटही टाक. सासूबाई म्हणतात, "दिवाळीच्या आधी स्वेटर घातलं तं लोक हासतीन." त्या लुगडं नेसतात आणि पायात साध्या चपलेशिवाय काही घालत नाहीत. मुलीला जीन्स आणि पांढरे बूट घालूनच फोटो काढायचे आहेत. मुलाजवळ शाळेचे काळे बूट आणि एक रेनकोट आहे, त्याची चेन बसत नाही.

नवीन काही घ्यायचंच झालं तर हजार-दीड हजारात भागलं पाहिजे. सोयाबीनचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे. जाऊन आलेल्यांनी सांगा, काय नेऊ आणि काय घरी ठेवू?

परतवाड्याचा गाडीवाला

वैनी, मी परतवाड्यावरून वरतं सवारी नेतो. तुमच्या घरातले तिन्ही पक्ष मी रोज गाडीत पाहतो. भाऊजींचा पक्ष सगळ्यात आधी हारते. परतवाड्याच्या स्टँडवर उतरले का जाड स्वेटर अंगात, खाली उन्हाचा चटका, घाटात घामानं बनियन ओली, अन् वर पोचल्यावर वारा लागला का तेच ओलं बनियन पाठीले चिकटून थंडी वाजते. मंग म्हणतात, चिखलदरा लय थंड हाये बावा. चिखलदऱ्याचा काय दोष त्याच्यात?

जाड एक कपडा नोका घेऊ. पातळ तीन घ्या. आतून बनियन, त्याच्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, अन् पिशवीत बिनअस्तराची विंडचीटर. उकडलं का काढा, वारा आला का घाला. स्वेटर न्यायचाच तं हाफ न्या, बिनबाह्यांचा. तो शर्टाच्या वर अन् विंडचीटरच्या आत बसते, सासूबाईले पदराखाली घालता येते, कोनाले दिसत नाई. ब्लँकेट घरीच राहू द्या. लॉजवर भेटते.

वर थंडीपेक्षा वारा जास्त. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, सगळे कड्यावर. तिथं छत्री उघडली का उलटी झालीच समजा, अन् गडगडत असन तं उघड्या कड्यावर छत्री घेऊन उभंच राहू नये. आभाळ गरजलं का पोरायले घेऊन गाडीत बसा, झाडाखाली नाई. पाऊस बहुतेक दुपारनंतर येते अन् घंटा-दीड घंटा धिंगाणा करून जाते. म्हणून पॉइंट सकाळीच करून घेत जा. पोट्ट्याचा चेन नसलेला रेनकोट चालते. समोरून दोन टिचबटनं मारून घ्या, दहा मिनिटाचं काम हाये.

मुलीच्या जीन्सचं मात्र कडक बोला. या हवेत भिजली तं दुसरा दिवस जाईपर्यंत कमरेजवळ ओलीच राहते, अन् दोन रात्रीच्या मुक्कामात तिले घालाले दुसरं काय हाये? शाळेची पी.टी.ची नायलॉनची ट्रॅकपँट असन ना, ते द्या. झटकली का कोरडी. जीन्स एका संध्याकाळी फोटोपुरती घालू द्या, पोरीचं मन मोडू नका.

आता कुसळाचं सांगतो, हे कोनी सांगत नाई. गाविलगडावर जाणार असान तं या दिवसात गवत कमरेइतकं वाढून पिवळं पडाले लागते. कुसळ काळ्या टोकाची, सुईसारखी, अन् तिले बारीक केस असतात उलटे. आत शिरते, मागं येत नाई. ओल लागली का शेपटीचा पीळ उलगडते, कुसळ गरगर फिरते अन् आणखी आत घुसते. लोकरीचे मोजे घालून एक बाई किल्ल्यावरून उतरल्या, पायरीवर बसून एक-एक कुसळ उपटत होत्या, माझी गाडी निघाली तरी त्यायचं काम संपलं नव्हतं. मोजे शेवटी तिथंच टाकून दिले. म्हणून मोजे गुळगुळीत, नायलॉनचे. पँटची मोहरी मोज्यात खोचा. दिसते येड्यावानी, पण पाय वाचतात. सासूबाईले किल्ल्यावर नोका नेऊ. त्यायले देवी पॉइंटवर देवीचं दर्शन करवा अन् चहा पाजा.

पायात: भीमकुंडाकडं, अन् जिथं जिथं पाणी झिरपते तिथं, दगडावर शेवाळ असते. गुळगुळीत तळाचे पांढरे बूट तिथं बर्फावर चालल्यासारखे जातात. शाळेचे काळे बूट तळ घासला नसन तं उत्तम. सासूबाईले मागं पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घ्या. पैसे खर्च कराचे तं इथं करा, जॅकिटात नाई.

अन् एक. घाटात पोट्टे उलटी करतात. पोराचा एक शर्ट अन् दोन पन्न्या हातातल्या पिशवीत ठेवजा. टपावर बांधलेल्या बॅगेतला शर्ट त्या वक्ताले काही कामाचा नाई.

कपाशीवाला

गाडीवाले भाऊ, आम्ही कापूस पिकवायचा आणि तुम्ही नायलॉन सांगायचं? सुती कपड्यासारखा दुसरा कपडा नाही. माझा आजा तर बारा महिने मांजरपाटाची बंडी घालायचा, वर शेला. थंडी वाजली की शेला अंगावर, ऊन लागलं की डोक्यावर.

परतवाड्याचा गाडीवाला

आज्याच्या बंडीले माझा विरोध नाई. अंगाले लागून सुतीच पाह्यजे, घाम पिते. पण पाणी पिल्यावर ते सोडत नाई, हा तिचा गुण हाये. तुमचा आजा भिजला तं चुलीपुढं बसत होता, लॉजमधी चूल नाई. शेल्याबद्दल मात्र शंभर टक्के. पांघराले, पुसाले, कान बांधाले, पोराच्या डोक्याखाली ठेवाले. माणसी एक शेला घ्या वैनी.

धारणीचा मास्तर

थोडं गणित. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे, परतवाडा ४०० मीटरच्या आत. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे परतवाडा आणि चिखलदरा यांत पाचेक अंशांचा फरक धरा. खाली दुपारी ३३ असेल तर वर २८. हे काही स्वेटरचं तापमान नाही. खरा फरक पडतो रात्री, आणि तो आभाळावर ठरतो. संध्याकाळी ढग टिकून असतील तर ते पांघरुणाचं काम करतात, रात्र सुसह्य जाते. पाऊस पडून आभाळ स्वच्छ झालं, चांदण्या लखलखीत दिसल्या, की जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि पहाटे गारठा पडतो. संध्याकाळी वर बघून ठरवायचं की उद्या सकाळी मुलांना काय घालायचं.

हे ऑक्टोबरचं सांगतोय. डिसेंबरात आलात तर तुमच्या यजमानांचा पक्ष बरोबर ठरेल.

सिस्टर, अचलपूर तालुका

ताई, कपड्यांचाच विषय निघाला म्हणून लिहिते. पावसाळा संपता-संपता गवताझुडपांत अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारे किडे असतात. त्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. २०१८ मध्ये नागपूरकडे याचे बरेच रुग्ण निघाले होते, तेव्हापासून आम्ही पावसाळ्यानंतरच्या तापात हे आधी विचारतो: गवतात बसला होता का?

तेव्हा पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट, ऊन असलं तरी. जेवायला थेट गवतावर बसू नका, सतरंजी किंवा ताडपत्रीचा तुकडा न्या. आणि भिजलेले कपडे झुडपांवर वाळत घालू नका, ही सवय आपल्या सगळ्यांना आहे. खोलीत दोरी बांधा. मुक्कामी परतल्यावर मुलांची आंघोळ, कपडे बदल, आणि घातलेले कपडे वेगळ्या पन्नीत. घरी आल्यावर ते गरम पाण्यात धुवा.

परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, डोकं फार दुखलं, किंवा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर अंगावर काढू नका. जंगलात जाऊन आलो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरं होतं. खपली दुखत नाही, म्हणून लुगड्याच्या ओच्याखाली ती राहून जाते, हे सासूबाईंसाठी मुद्दाम सांगते.

नेरची सूनबाई

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सतरंजी ब्लँकेटच्या जागी बॅगेत गेली.

आता असं ठरलंय. सगळ्यांना सुती बनियन आणि पूर्ण बाह्या. मुलांना ट्रॅकपँट. मुलगी रुसली होती, फोटोच्या संध्याकाळची जीन्स मंजूर झाल्यावर हसली. यांचं विंडचीटर आहेच, ते दुचाकीवर घालतात. मला आणि मुलीला दोन साधी घेईन. सासूबाईंचा हाफ स्वेटर त्यांनीच पेटीतून काढून दिला. गाडीवाले दादांचं "पदराखाली दिसत नाही" हे वाक्य तेवढं कामी आलं. सँडल मात्र घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, पायाला पट्टा बांधून मी काय शाळेत चालली?

दादा, परतवाड्यात स्टँडजवळ सँडल मिळेल का? तिथं पोचल्यावर घाट दाखवून घ्यायला लावीन म्हणते. आणि लॉजवर रात्री कपडे वाळतील का, की यांची इस्तरी आणू?

परतवाड्याचा गाडीवाला

भेटते ना, बाजारात पाह्यजे तेवढी. दुकानात त्यायले बसवून पायात घालून पाहा म्हणा, विकत घ्याची नाई म्हणून सांगा. घालून दोन पावलं चालल्या का मंग काढत नाईत.

इस्तरी नोका आणू, लाइटीचा भरवसा नाई. ओले कपडे आधी कोरड्या शेल्यात गुंडाळून पिळा, दोघं दोन टोकाले धरून. निम्मं पाणी तिथंच निघते. मंग पंख्याखाली दोरीवर. जातानी मोथा गावाजवळ गाडी थांबवाले लावजा, गवळ्यायच्या घरचा खवा चांगला असते. पण थो घाट चढून झाल्यावर पोट्ट्याले द्या, आधी नाई.