सल्ला हवा: ई. एम. फॉर्स्टर वाचायला कुठून सुरुवात करू? (बजेट ५०० रु.)

कृष्णाकाठ: आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरवर अर्धा तास बोलायचंय. कॉलेजात त्यांचं 'अ पॅसेज टू इंडिया' नेमलं होतं, तेव्हा गाइडवर भागवलं. आता माणूसही कळेल आणि लेखनही, असं एकच पुस्तक सुचवा. बजेट ५००. अक्षर बारीक नको, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

रानवाटा: फर्बँकने लिहिलेलं फॉर्स्टरचं चरित्र डोळे झाकून घ्या. दोन खंड आहेत, पहिला १९१४ पर्यंतचा, दुसरा तिथून १९७० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत. माझ्याकडे दोन्ही कापडी बांधणीत आहेत, फोर्टच्या फुटपाथवर १८०० ला मिळाले. आज त्या भावात कोणी देणार नाही.

घाटमाथा: अहो, ताईंचं बजेट ५०० आहे! आणि जुनं घेणार असाल तर पानं तपासून घ्या. मी ऑनलाइन मागवलेल्या पुस्तकात मधली ३२ पानंच नव्हती, विक्रेता आता फोन उचलत नाही. चरित्र राहू द्या, 'पॅसेज'च पुन्हा वाचा. त्यातले प्रोफेसर गोडबोले दख्खनी ब्राह्मण. शेवटच्या भागात कृष्णजन्माचा उत्सव आहे आणि भजनात चक्क 'तुकाराम, तुकाराम' चालू आहे, तूच आमचा बाप, तूच आमची आई. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

नाटकवेडी: गोडबोल्यांवरून आठवलं. १९८४ च्या सिनेमात ते काम अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाला दिलंय. एक मराठी नट मिळाला नाही? मला अजून राग येतो.

थोरली_पाती: तो कृष्णजन्माचा उत्सव फॉर्स्टरनी आमच्या माळव्यातल्या देवासला पाहिला. १९१२-१३ मध्ये एकदा येऊन गेले होते, मग १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या (देवासची संस्थानं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती) तुकोजीराव पुआर महाराजांचे खासगी सचिव म्हणून काही महिने राहिले. राणीसाहेब म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब. तेव्हा घरी लिहिलेली पत्रं 'द हिल ऑफ देवी'त आहेत, १९५३ चं पुस्तक. ती टेकडी आमच्या गच्चीतून दिसते. हेच घ्या.

घाटमाथा: पुआर की पवार? आमच्याकडे पवारच म्हणतात.

थोरली_पाती: मूळ पवारच. माळव्यात पुआर लिहितात.

निवृत्त_मास्तर: मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. समीक्षक फॉर्स्टर टाळून बोलूच नका. 'अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' ही केंब्रिजमधली १९२७ ची व्याख्यानं. राजा मेला, मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. एवढ्या दोन वाक्यांवर माझा तास रंगायचा. सपाट (एकाच गुणाची) पात्रं आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रं हा भेदही तिथलाच. बाकी माणूस शोधायचा तर 'हॉवर्ड्स एंड'मधलं घर बघा. वयाच्या चौथ्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत ते हर्टफर्डशरमधल्या रूक्स नेस्ट नावाच्या घरात वाढले, मग ते सोडावं लागलं. तेच कादंबरीत आलंय, अंगणातल्या झाडासकट. त्या झाडाच्या खोडात डुकराचे दात ठोकलेले. साल चावली की दाढदुखी थांबते अशी तिथल्या लोकांची समजूत.

पानगळ: 'मॉरिस'बद्दल कोणीच बोलत नाही? १९१३-१४ मध्ये लिहिलेली, दोन पुरुषांच्या प्रेमाची आणि सुखी शेवटाची कादंबरी. इंग्लंडात तसं प्रेम १९६७ पर्यंत गुन्हा होता. पुस्तक आलं १९७१ मध्ये, ते गेल्यानंतर. 'पॅसेज' आलं १९२४ मध्ये, त्यानंतर ४६ वर्षं जगले, पण नवी कादंबरी छापली नाही. जे लिहायचं होतं ते छापता येत नव्हतं. अर्ध्या तासातली पाच मिनिटं तरी याला द्या.

रानवाटा: हे सगळं फर्बँकमध्ये आहे. पुन्हा सांगतो, चरित्र घ्या.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. 'हॉवर्ड्स एंड' मागवलं, ३४० रुपये, अक्षर ठसठशीत आहे. पहिलं पुस्तक म्हणून ते कोणीच सुचवलं नाही, पण मास्तरांचं ते झाड डोक्यातून जाईना. आमचा मिरजेचा वाडा विकला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मागच्या दाराची कडी जरा उचलून मग सरकवावी लागायची, हाताला अजून सवय आहे. बोलेन ते त्या घरावरच. 'मॉरिस'ला पाच मिनिटं नक्की.

थोरली_पाती: आणि देवास?

कृष्णाकाठ: तुकारामाचं भजन सांगणार, देवास त्यात येईलच.

रानवाटा: रूक्स नेस्टची पानं माझ्या पहिल्या खंडात आहेत. रविवारी फोटो काढून व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, मोठे करून वाचता येतील.