तीन वाव पाण्यात बुडालेले गलबत आहे की नुसते खडप, हे कसे ठरवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावासमोर, किनाऱ्यापासून पाऊण मैलावर, एका ठरावीक जागी जाळी अडकतात हे माझ्या आजोबांच्या वेळेपासून सगळ्या तांडेलांना (होडी चालवणाऱ्या प्रमुखांना) ठाऊक आहे. ओहोटीला तिथे तीन वाव, म्हणजे अठरा फूट पाणी असते. ते खडप, म्हणजे पाण्यातला खडक आहे असेच आजवर सर्वांनी धरले होते. गेल्या मार्चमध्ये मात्र काकांच्या जाळ्यातून हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा वर आला. तो चाळणीसारखा पोखरलेला होता आणि प्रत्येक भोकाला आतून पांढऱ्या चुन्याचे अस्तर होते. समुद्रातल्या कोणत्याही लाकडाची कीड अशीच गत करते, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु एका कडेला रुपयाएवढा हिरवा डाग होता आणि त्या डागाच्या मधोमध चौकोनी भोक. जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत असत, तसल्या खिळ्याची ही जागा असावी असा माझा तर्क आहे. अर्थात तुकडा दुसरीकडून वाहत आलेला असू शकतो, हेही मी जाणतो.

या विषयावर वाचू लागलो तेव्हा असे दिसले की बहुतेक पद्धती खोल किंवा नितळ पाण्यासाठी सांगितल्या जातात. विमानातून हिरवा लेसर सोडून तळ मोजता येतो, पण तो प्रकाश आमच्या गढूळ पाण्यात किती खाली जाणार? ध्वनीचे अनेक झोत एकदम सोडून तळ मोजणाऱ्या मल्टिबीम सोनारचा पट्टा खोलीच्या तीन-चार पटच रुंद पडतो, म्हणजे अठरा फुटांवर जेमतेम वीस मीटर. लोखंड हुडकणारा मॅग्नेटोमीटर सर्वांत भरवशाचा वाटला होता, परंतु आमचा तळ बेसॉल्टचा आणि बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय. तेव्हा यंत्र प्रत्येक दगडापाशी बोलणार. आमच्याकडे फायबरची छोटी होडी आणि साधा जीपीएस आहे, दोन्ही बाजूंच्या तळाचे ध्वनीने चित्र काढणारा साईड स्कॅन सोनार दोन दिवसांसाठी भाड्याने घेता येईल. या परिस्थितीत सुरुवात कशापासून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली मॅग्नेटोमीटरविषयीची शंका रास्त आहे, पण ती पूर्ण खरी नाही. खडकामुळे येणारा फरक सहसा पसरट असतो, तोफेसारख्या किंवा नांगरासारख्या वस्तूमुळे येणारा फरक काही मीटरांत एकदम चढतो आणि उतरतो. म्हणून पाच-पाच मीटरांवर समांतर फेऱ्या मारल्या तर दोन्ही वेगळे ओळखू येण्याची बरीच शक्यता असते. बेसॉल्टच्या उभ्या भिंती मात्र अशा वेळी फसवतात. वस्तूचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तो एक अष्टमांश उरतो. उथळ पाण्याचा हा मोठा फायदा आहे, कारण यंत्र तळाच्या अगदी जवळून जाते. मात्र ते इंजिनापासून लांब, दोराने मागे ओढावे लागेल.

तरीही आपल्या जागी मी यंत्राला दुसरा क्रमांक दिला असता. पहिल्यांदा तांडेलांच्या खुणा, म्हणजे किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ते जागा ओळखतात त्या, गोळा कराव्यात. इंग्लंडमधील ‘मेरी रोझ’ हे जहाज 1836 मध्ये मच्छीमारांची जाळी अडकल्यामुळेच डीन बंधू या पाणबुड्यांना सापडले. पुढे ती जागा विस्मरणात गेली आणि 1967 मध्ये गाळाखालचे थर दाखवणाऱ्या सोनारने ती पुन्हा हाती लागली. प्रत्येक तांडेलाला एकमेकांसमोर न बसवता स्वतंत्रपणे विचारा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. एकत्र बसले की वयाने मोठ्याचीच खूण सर्वांची होते.

साईड स्कॅनसाठी भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस निवडा, कारण उधाणाच्या ओढीत होडी सरळ रेषेत राहत नाही आणि पाणी अधिक ढवळते. इतक्या उथळ पाण्यात हा सोनार मागे ओढू नये, पंख्याचे बुडबुडे चित्र पांढरे करून टाकतात. तो नाळेपाशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) बांबूला घट्ट बांधावा, पल्ला प्रत्येक बाजूस तीसेक मीटर ठेवावा आणि तीच जागा काटकोनातल्या दोन दिशांनी तपासावी. चित्रात वस्तूपेक्षा तिच्यामागे पडणाऱ्या सावलीकडे लक्ष द्या. सरळ कडा किंवा समान अंतरावरच्या रेघा दिसल्या तर थांबून पाहण्यासारखे आहे.

फक्त एवढ्यावर भिस्त नको. गोव्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि मार्तबान भांड्यांची (मोठ्या साठवणीच्या रांजणांची) खापरे मिळाली, पण जहाजाचा सांगाडा मिळाला नाही. खडकाळ, लाटांनी झोडपलेल्या तळावर लाकूड टिकत नाही, सामान घळींत विखुरते आणि सोनारला दिसते ते खडपच. तिथे शेवटी माणसालाच खाली उतरून चाचपावे लागते.

गढूळ पाण्याचा एक उपयोगही आहे. बेल्जियमच्या किनाऱ्यावर संशोधकांना ‘सॅन्सिप’ आणि ‘सॅमवर्न’ या बुडालेल्या जहाजांपासून निघालेले गाळाचे पट्टे लँडसॅट 8 या उपग्रहाच्या चित्रांत दिसले होते, काही तर चार किलोमीटर लांब. वर आलेले खडपही असे पट्टे काढते, तरी ही चित्रे फुकट मिळतात, पाहून घ्यावीत. वाळूही ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून एक फेरी ऑक्टोबरात आणि दुसरी मे महिन्यात करावी.

आणि काहीही उपटून वर आणू नये. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. जागा नक्की झाली की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सागरी शाखेला कळवावे. तो लाकडाचा तुकडा कुठे आहे? तो ओला ठेवला आहे ना?

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. तुकडा काकांच्या पडवीत वाळत पडला होता, त्याला उभ्या चिरा गेल्या आहेत. हिरवा डाग अजून आहे. तिघा तांडेलांना वेगवेगळे विचारले. दोघांच्या खुणा वीस-पंचवीस हातांच्या फरकाने जुळतात: देवळाचा कळस जुन्या जकात नाक्याच्या कौलांवर आणि दक्षिणेला टेकडीची खाच. तिसऱ्याची खूण एका जोडमाडावर होती आणि तो माड 2021 च्या तौक्ते वादळात पडला. माडाचे बुंधे अजून जमिनीत आहेत. त्या जागी बांबू उभा करून त्या तांडेलांना होडीतून खूण धरायला सांगितले, तर ती ग्राह्य मानावी का?