'लेव्हायथन' कोणी वाचली आहे का? लेकीच्या एका प्रश्नावर अडले आहे

निशिगंध:
रात्री मी आणि माझी तेरा वर्षांची लेक अर्धा-पाऊण तास मोठ्यानं वाचतो. सध्या स्कॉट वेस्टरफेल्डची 'लेव्हायथन' चालू आहे, 2009 सालची. वाटणी ठरलेली: ॲलेकची प्रकरणं मी वाचायची, डेरिनची तिनं. कीथ थॉम्पसनचं चित्र आलं की वाचन थांबतं. यंत्राचा पाय कुठे वाकतो, कोण कुठे उभं आहे, सगळं बघून झाल्याशिवाय पान उलटू देत नाही.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ 1914 चा, युरोपात युद्ध पेटतंय. पण इथे ब्रिटनकडचे 'डार्विनिस्ट' डार्विनच्या शोधावरून सजीवांचे धागे जुळवून नवे प्राणी घडवतात आणि त्यांनाच जहाजं, हत्यारं म्हणून वापरतात. जर्मनी-ऑस्ट्रियाचे 'क्लँकर' पायांवर चालणारी लोखंडी यंत्रं लढवतात. ॲलेक हा ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडचा मुलगा, साराजेव्होत आई-वडिलांची हत्या झाल्यावर एका रात्रीत घर सोडून पळालेला. डेरिन मुलगा असल्याचं भासवून ब्रिटिश हवाई दलात शिरलेली. आणि लेव्हायथन म्हणजे देवमाशापासून घडवलेलं उडतं जहाज.

परवा तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, डार्विननं इतक्या आधीच जग बदलून टाकलं, तर 1914 मध्ये तोच राजपुत्र आणि तेच साराजेव्हो कसं? ही माणसं जन्माला तरी आली असती का?" मी घाईत म्हटलं, "लेखकाची मर्जी." तिचा चेहरा पडला. "म्हणजे फसवलं ना?" पुस्तक मिटून झोपायला गेली.

मला ते फार लागलं. इतका चांगला प्रश्न आणि मी तो झटकून टाकला. तिला काय उत्तर देऊ? आणि खरं साराजेव्हो आत्ता सांगू, की पुस्तक संपल्यावर?

जुनी_पाने:
ताई, आधी तिला सांगा की तिचं बरोबर आहे. शिवण कुठे आहे ते तिला दिसलं.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचून दाखवा. तिथे 1761 च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते, बस्स, एवढंच बदलतं. पुढचा सगळा इतिहास त्या एका गोळीमागून वेगळ्या वाटेनं जातो. तिथे लेखकाला हिशेब विचारता येतो. वेस्टरफेल्डनं उलट केलंय. घरातलं सामान सगळं बदललं, भिंती मात्र जागच्या जागी ठेवल्या. तारीख आणि नावं ओळखीची नसती तर वाचणाऱ्यानं काय धरून चालायचं? मला दोन्ही प्रकार आवडतात, पण जास्त झोप उडवतो तो पहिला.

दप्तरदार:
थोडा असहमत आहे. सगळ्याच भिंती लेखकाच्या मर्जीनं उभ्या नाहीत.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचा करार 1879 चा. रशिया-फ्रान्सची युती 1894 ला पक्की झाली. ब्रिटन-फ्रान्सचा समझोता 1904 चा. हे सगळं शेजाऱ्याच्या भीतीतून आलं, आणि हातात तोफ असो की घडवलेलं जनावर, ती भीती तीच राहते. उलट आणखी वाढेल. तेव्हा युद्ध 1914 च्या आसपास पेटणं मला खोटं वाटत नाही.

खोटं वाटतं ते 28 जूनचं, साराजेव्होतल्या हत्येचं. त्या दिवशी सकाळी फेकलेला बाँब आर्चड्यूकच्या गाडीच्या दुमडलेल्या टपावरून घरंगळून मागे फुटला. नंतर जखमींना भेटायला इस्पितळाकडे निघाले, तर चालकानं चुकीचं वळण घेतलं. त्याला थांबवलं, आणि गाडी थांबली ती नेमकी मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर. इतके योगायोग दुसऱ्या जगात पुन्हा तसेच जुळायचे नाहीत.

एका कागदावर दोन रकाने पाडा. डार्विननं काहीही शोधलं असतं तरी जे घडलं असतं ते एकीकडे, जे केसाच्या अंतरानं घडलं ते दुसरीकडे. करार पहिल्यात, ते वळण दुसऱ्यात. बाकीचे तिला भरू द्या.

मुक्ता_वाचते:
आधीच सगळं सांगू नका हो! शेवटी लेखकाचं टिपण आहे, खरं काय आणि रचलेलं काय यावर. तोवर तिला चुकू द्या.

आणि ती गोल टोपीवाली डॉक्टर बार्लो आली का? डार्विनची नात नोरा बार्लो खरंच होती. आजोबांच्या आत्मचरित्रातून घरच्यांनी गाळलेला मजकूर तिनं 1958 मध्ये परत घालून छापला. पुस्तकात तिच्यासोबत असतो तो टास्मानियन वाघ, आता नामशेष झालेला पट्टेरी प्राणी, तोही 1914 मध्ये खरोखर जिवंत होता. मी पहिल्यांदा वाचताना तोच लेखकाचा सर्वांत धाडसी शोध समजले होते.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळीच तिला म्हटलं, "त्या रात्री तू बरोबर होतीस, माझं उत्तर चुकलं." मग रकाने पाडले. पहिल्यात पाच गोष्टी झाल्या, दुसऱ्यात अकरा. वळण तिनं दोनदा लिहिलंय.

मुक्ता, शेवटपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण तिला राहवलं नाही. फ्रान्झ फर्डिनंडला खरंच ॲलेक होता का, ते तिनं शोधलं. नव्हता. 1914 मध्ये तीन मुलं होती: सोफी बारा वर्षांची, मॅक्सिमिलियन अकराचा, एर्न्स्ट दहाचा. आई राजघराण्याच्या तोलामोलाची नव्हती, म्हणून आपल्या मुलांना गादी मिळणार नाही अशी शपथ बापाला लग्नाआधी घ्यावी लागली. ती तारीख होती 28 जून 1900. बरोबर चौदा वर्षांनी, त्याच तारखेला, तिन्ही मुलं पोरकी झाली. 1938 मध्ये दोन्ही भावांना नाझींनी डाखाऊच्या छावणीत टाकलं. दोघेही जिवंत बाहेर आले.

हे वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ते तिघं तरी होते. ॲलेक एकटाच आहे."

आज ॲलेकचं प्रकरण आहे. माझी पाळी होती, पण तिनं मागून घेतलंय.