पहिला ग्राफिक्स टॅबलेट पडद्याविनाच घ्यावा का?

धागाकर्ता
शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांची तयारी मी मुलांकडून करून घेतो. परीक्षा झाली की पालक विचारतात, "मुलाला संगणकावर चित्र काढायचे आहे, काय घेऊ?" माझे मत असे की पहिला ग्राफिक्स टॅबलेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी, बिनपडद्याचा, साधा असावा; त्यावर पेन फिरवले की रेषा समोरच्या संगणकाच्या पडद्यावर उमटते. पडद्याच्या टॅबलेटला त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात आणि मुलाची आवड टिकेल की नाही, हे तोवर कोणालाच ठाऊक नसते. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांच्या साध्या टॅबलेटांचे पेन आज बॅटरीविना चालते, कारण पेनातील तारेच्या वेटोळ्याला लागणारी ऊर्जा टॅबलेटच्या पाटीतूनच मिळते. पेनवरचा हलका-जड दाब टॅबलेट 4096 पातळ्यांत ओळखतो की 8192, या वादात पालकांनी मुळीच पडू नये. पेन किती हलक्या स्पर्शाला रेषा उमटवू लागते, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. क्रिटा हे चित्रकलेसाठीच घडवलेले सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यामुळे त्याचाही खर्च नाही. हात टॅबलेटवर आणि नजर समोरच्या पडद्यावर, ही सवय दोन-तीन आठवड्यांत होते, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद १
सर, आपला हेतू चांगला आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. जे मूल पाच-सहा वर्षे कागदावर पेन्सिल फिरवत आले आहे, त्याचे सारे कौशल्य टोकाखाली उमटणारी रेषा पाहत हात वळवण्यात असते, आणि तेच आपण पहिल्या दिवशी त्याच्याकडून काढून घेतो. माझ्या मुलीचा हात कागदावर स्वच्छ चालतो; छोट्या टॅबलेटवर मात्र तिला साधे वर्तुळ जमेना आणि महिन्याभरात तो कपाटात गेला. तिला वाटले की आपल्यालाच येत नाही. नंतर मी मोजून पाहिले. टॅबलेटचे चालते क्षेत्र 152 बाय 95 मिलिमीटर आणि पडदा 24 इंची, म्हणजे सुमारे 53 सेंटीमीटर रुंद. हात 1 सेंटीमीटर सरकला की कर्सर साडेतीन सेंटीमीटर पळतो आणि हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो. अशा साधनावर मुलाच्या आवडीची परीक्षा घेणे अन्यायाचे आहे. थोडे थांबून, पैसे साठवून पडद्याचाच टॅबलेट घ्यावा.

प्रतिसाद २
ताई, आपल्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली असण्याची शक्यता आहे. त्या टॅबलेटच्या रुंदी-उंचीचे प्रमाण 16:10 आहे आणि बहुतेक पडद्यांचे 16:9. ड्रायव्हरच्या (टॅबलेट संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला नाही, तर हाताने काढलेले अचूक वर्तुळ पडद्यावर सुमारे 11 टक्के आडवे ताणले जाते. मुलगी वर्तुळच काढत होती. लंबगोल यंत्र करत होते. तो पर्याय निवडला की टॅबलेटची एक पट्टी वाया जाते, पण रेषा खरी उमटते.

मी लग्नाच्या फोटोंचे संपादन करतो आणि माझ्या कामाला बिनपडद्याचा टॅबलेटच बरा, असे मी ठामपणे म्हणेन. चेहऱ्यावरील उजेड-सावली हलक्या दाबाने कमी-अधिक करणे किंवा केसांच्या कडेने मास्क (फोटोचा हवा तेवढाच भाग वेगळा करणारी सीमा) काढणे माऊसने जमत नाही. हे करताना माझा हात चित्र झाकत नाही, मान सरळ राहते आणि रंग जुळवलेल्या मॉनिटरवरच नजर असते. पडद्याच्या टॅबलेटवर सहा तास वाकून बसणे मला तरी शक्य झाले नाही.

प्रतिसाद १
प्रमाणाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. आजच कपाटातला टॅबलेट काढून तो पर्याय तपासते. तरीही फोटोसंपादन आणि रेखाटन यांत मूलभूत फरक आहे, हे आपण मान्य करावे. फोटोत आकार आधीच असतो आणि आपण त्यावर काम करतो. कोऱ्या पानावर आकार हातातूनच यावा लागतो. तिथे नजर आणि टोक एकत्र असण्याला पर्याय नाही.

प्रतिसाद ३
या चर्चेत प्रत्येक घरी संगणक आहे, असे गृहीत धरलेले दिसते. आमच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे. बरेच साधे टॅबलेट फोनला ओटीजीने (फोनच्या चार्जिंगच्या जागी लावायच्या जोडणीने) जोडता येतात, पण फोन उभा धरला की त्यांच्या क्षेत्राचा थोडाच भाग चालतो. घेण्यापूर्वी हे जरूर विचारावे.

धागाकर्ता
ताईंच्या मोजमापामुळे माझ्या मतात एक दुरुस्ती करतो. चित्र काढणाऱ्यासाठी बिनपडद्याचाच, पण मध्यम आकाराचा घ्यावा. 216 मिलिमीटर रुंदीवर तोच 1 सेंटीमीटर पडद्यावर अडीच सेंटीमीटरच्या आत राहतो आणि हात मनगटाऐवजी कोपरातून चालवता येतो. पडद्याच्या टॅबलेटबाबत मात्र मी माघार घेत नाही, कारण स्वस्त पडद्यांत काच आणि चित्र यांच्यात फट असते, तिथे टोक आणि रेषा एका जागी दिसत नाहीत आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले तेच पुरते हाती लागत नाही.

मुलीला एक करून पाहू द्या. आठवडाभर माऊस बाजूला ठेवून फाइल उघडण्यापासून सारे पेननेच करावे, आणि रोज दहा मिनिटे दोन ठिपके देऊन ते एका झटक्यात जोडावेत. वर्तुळाकडे त्यानंतर वळावे.

प्रतिसाद १
तो पर्याय खरोखरच बंद होता. तिने आत्ता काढलेले वर्तुळ गोल आले आहे, रेषा अजून थरथरते. ठिपके आम्ही उद्यापासून सुरू करतो.