नव्या प्रणालीवरील कामाला टार्गेट लावावे का?

प्रश्न (शाखाधिकारी, पतसंस्था):
आमच्या शाखेत कर्जप्रकरणांची छाननी आता नव्या संगणक प्रणालीवर करावी लागते. वसुलीचे टार्गेट दरमहा पूर्ण करणारे माझे ज्येष्ठ सहकारी या कामाला हात लावत नाहीत. फाइल कनिष्ठ लिपिकाकडे सरकवतात आणि सर्व्हर बंद होता असे सांगतात. ती लिपिक मात्र चुकते, विचारते, वहीत टिपून ठेवते. मार्चअखेर जवळ आल्याने छाननीलाही दरडोई टार्गेट लावावे, असा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १ (निवृत्त प्रशिक्षक):
साहेब, आपले सहकारी कामचुकार आहेत असे वाटत नाही. व्यवस्थापनशास्त्राचे संशोधक डॉन व्हँडवॉल यांनी १९९७ मध्ये कामामागील उद्दिष्टांचे तीन प्रकार मांडले: नवे शिकणे, आपली कुवत दाखवणे आणि आपली उणीव उघडी पडू न देणे. वसुलीत ज्यांचा शब्द चालतो, त्यांना कालच्या मुलीसमोर 'हे कसे करायचे' असे विचारणे जड जात असावे, आणि टार्गेट लावल्याने ही भीती वाढेलच.

उत्तर २ (मनुष्यबळ अधिकारी):
टार्गेटला सरसकट दोष देऊ नये. लॅथम आणि बाल्डस यांच्या १९७५ च्या अभ्यासात, अमेरिकेतील ओंडके वाहणारे ट्रकचालक कायदेशीर वजनमर्यादेच्या सुमारे ६० टक्केच माल भरत होते. ९४ टक्क्यांचे स्पष्ट उद्दिष्ट दिल्यावर, जादा मोबदला न देताही, हे प्रमाण काही महिन्यांत ९० टक्क्यांच्या वर गेले. अर्थात, ट्रक कसा भरायचा हे त्या चालकांना आधीपासून येत होते, आणि आपल्याकडे काम कसे करायचे हेच अजून येत नाही, ही अडचण आहे. म्हणून तूर्त प्रकरणांची संख्या मोजू नका. परत आलेल्या प्रत्येक प्रकरणाचे कारण शोधून ते सर्वांना समजावणे, एवढेच उद्दिष्ट ठेवा.

उत्तर ३ (सहकार खात्यातील निवृत्त लेखापरीक्षक):
आकड्यांच्या दडपणाखाली काय होते, हे २०१६ मध्ये वेल्स फार्गो बँकेत उघड झाले. विक्रीच्या टार्गेटपायी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती. आपल्याकडे मार्चअखेर थकबाकी झाकण्यासाठी होणारे 'नवे-जुने', म्हणजे नवे कर्ज देऊन जुने फेडल्याचे दाखवणे, कोणाला ठाऊक नाही? छाननीला टार्गेट लावले, तर उत्पन्नाचा दाखला न वाचताच प्रकरण पुढे जाईल आणि त्याची वसुली दोन वर्षांनी त्याच सहकाऱ्यांच्या गळ्यात पडेल.

प्रश्नकर्ता:
हा शेवटचा मुद्दा त्यांना सर्वांत आधी पटेल. जून महिन्यापर्यंत संख्या मोजणार नाही, आणि प्रणालीवरील पहिले प्रकरण मी स्वतः त्यांच्या शेजारी बसून करीन.